मास्तरांनी अडवलेली तार

तारेत ‘सीरियस’ हा शब्द आमचे तारमास्तर कुणाला सहजासहजी लिहू देत नसत. त्या काळी घरातलं माणूस गेलं की बाहेरगावच्या नातलगांना ‘आई सीरियस, ताबडतोब निघा’ अशी तार करायची रीत होती. पालमच्या पोस्टात असा फॉर्म खिडकीतून आत आला की मास्तर तो वाचत, चष्मा कपाळावर सरकवत आणि समोरच्या माणसाला विचारत, “गेली का हाय?”

माणूस आधीच रडवेला झालेला असे. “गेली, मास्तर. पहाटं.”

“मग ‘गेली’ लिव्हा.”

“आवं पण, भाऊ धसका घील की.”

“तुमचा भाऊ भुसावळहून येणार. दोन गाड्या आन् एक एस्टी बदलणार. सगळी वाट आशेवर काढणार. दारात आल्यावर तुमी त्याला सांगणार. त्यापेक्षा तिथंच रडू द्या त्याला.”

काही लोक भांडत, काहींनी वरच्या ऑफिसात तक्रारीही केल्या. मास्तर प्रत्येक तक्रारीला एका ओळीत उत्तर देत आणि आपलंच चालवत. पण दोन-तीन वर्षांत एक गंमत झाली. पालमहून ‘सीरियस’ अशी तार आली तर माणूस खरोखरच जिवंत आहे, हे गावोगावच्या लोकांना कळून चुकलं. ते भाकरी अर्धी टाकून निघायला लागले, आणि त्यातल्या कितीकांना आईबापाचे शेवटचे दोन शब्द ऐकायला मिळाले.

मी त्या पोस्टात काउंटरवर होते. तिशीतली, दोन लेकरांची आई, नवऱ्याची बदली झाली म्हणून पालमला आलेली. ऑफिसात आम्ही तिघं: पोस्टमास्तर, मी, आणि कोपऱ्यात पाठ नसलेल्या स्टुलावर बसलेले तारमास्तर. खुर्चीत बसलं की झोप येते म्हणून त्यांनी सरकारी खुर्ची कागदांचे गठ्ठे ठेवायला दिली होती. वय पंचावन्नच्या पुढं. निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं आकडे उर्दूत मोजायचे आणि कुणाचं चुकलं की “गलत” असा एकच शब्द टाकायचे. बरोबर असलं तर काहीच म्हणायचे नाहीत. मला ते ‘अक्का’ म्हणत, मी वयानं वीसेक वर्षं लहान असूनही.

त्यांची बोटं कधी गप्प नसत. टेबल, छत्रीची मूठ, पाण्याचा पेला, जे समोर असेल त्यावर कड-कट्ट, कट्ट-कड चाललेलं. दुसऱ्या टोकाला तारेवर कोण बसलंय हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. “पूर्णेवाल्याला ताप हाय आज,” ते म्हणायचे. “हात जड पडायलाय.” त्या पूर्णेच्या माणसाला त्यांनी बारा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. मग त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले. तिथं मांडवात पन्नास माणसं बसलेली. एक गृहस्थ तांब्यावर बोटं वाजवत होते. मास्तर थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पूर्णा?” ते गृहस्थ उठले आणि त्यांनी मास्तरांना मिठीच मारली. परत आल्यावर मास्तरांनी मला हे सगळं आठ-दहा शब्दांत सांगितलं. बाकीचं मी पुढं त्या पूर्णेवाल्यांकडून ऐकलं.

गावात एका माणसाविषयी मात्र ते चांगलं बोलत. त्या म्हणजे प्राथमिक शाळेतल्या बाई. विहाराजवळच्या वस्तीत त्यांचं घर. मूळच्या त्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत तिथलं घर जळालं, तेव्हा नवरा-बायको लेकीला घेऊन पालमला आली आणि इथंच राहिली. बाईंचे मालक दुसऱ्यांची शेती बटाईनं करायचे. बाई शनिवारी शाळा सुटली की पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहिता न येणाऱ्या बायकांची कार्डं लिहून देत. कधी तारही. बाईंनी लिहिलेला फॉर्म हातात आला की मास्तर मान हलवत. “या गावात ही एकटी बाई शब्द वाया घालवत न्हाई,” ते मला म्हणाले होते.

चैत्रात एका सकाळी बाई फळ्यासमोर खडू हातात घेऊन उभ्या होत्या, तशाच खाली कोसळल्या. वय बेचाळीस. नांदेडला नेलं. महिनाभर ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. मानेखालचं सगळं अंग गेलेलं, तोंडातून शब्द नाही, गिळतानाही त्रास. डॉक्टरांनी सांगितलं की जीव आहे, पण त्यांना आता काही समजत नाही. शाळेतल्या शिक्षकांनी मिळून एक टेबलफॅन आणून दिला. मालकांनी बाजेशेजारी तो लावला, शेती सोडली आणि बायकोची उस्तवार करायला बसले.

पाच महिन्यांनी ते पोस्टात आले. दाढी वाढलेली. हातात तारेचा फॉर्म होता, कुणाकडून तरी लिहून आणलेला. त्यांची एकुलती एक लेक, सुजाता, परभणीला शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिला तार होती: ‘लग्न ठरलं, सामान घेऊन ये.’

मास्तरांनी फॉर्म वाचला. चष्मा कपाळावर गेला.

“बाईला विचारलं?”

मालक त्यांच्याकडं बघतच राहिले. “तिला काय इचारणार, मास्तर? तिला इचारता आलं असतं तर मी हितं कामून आलो असतो? थोरल्या दादानं ठरविलंय. घरात बाईमाणूस पायजे. पोरगी कॉलेज सोडंल, लगीन करंल, आईचं करंल. आणखी काय?”

मास्तरांनी तो फॉर्म घडी करून दौतीखाली ठेवला. “विचारतो. मग पाठवतो.”

“मास्तर!” मी म्हणाले. “तार अशी अडवता येत नाही. नोकरी जाईल.”

“जाऊ द्या.” आणि मग मालक गेल्यावर, “अक्का, बाईमाणसाचं घर हाय. संध्याकाळी तुमी संगं चला.”

सहा वाजता ऑफिस बंद झालं. मास्तरांनी आपलं स्टूल बगलेत मारलं आणि भर बाजारातून विहाराकडं निघाले. ते दिवस असे होते की वरच्या आळीतली माणसं त्या वस्तीकडं कारणाशिवाय वळत नसत, आणि वळलीच तर लोक बघत. हॉटेलवाल्यानं गल्ल्यावरून हटकलं, “मास्तर, तिकडं काय काम काढलं?”

“ड्यूटी,” मास्तर म्हणाले आणि चालत राहिले.

घरात गेल्याबरोबर त्यांनी आधी पाणी मागून घेतलं, तांब्याभर प्यायले, मग बाजेजवळ स्टूल ठेवून बसले. अर्धा तास बाईंच्या तोंडाकडं बघत राहिले. पंखा घरघरत होता. बाईंचा चेहरा मेणासारखा. मी दोनदा मालकांकडं पाहिलं, दोनदा दाराकडं. मग मास्तर हळूच म्हणाले, “अक्का, हात दिसला.”

“कुठला हात?”

“डोळे. वरखाली व्हायलेत. आपोआप होत न्हाईत, कुणीतरी करायलंय.” ते बाईंच्या तोंडावर वाकले. “बाई, मी तारमास्तर. ऐकू येत असंल तर डोळे वर.”

बाईंचे डोळे वर गेले.

“दोनदा.”

दोनदा गेले. मालक बाजेजवळ सरकले.

“आता मी दहा मोजतो. तवर हलवू नका.”

मास्तरांनी उर्दूत सावकाश दहा आकडे मोजले. बाईंचे डोळे छताला खिळल्यासारखे स्थिर होते. दस म्हटल्याबरोबर ते आपणहून वर गेले, आणि कडेनं पाणी ओघळलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, दोनदा हलवल्यावर कळलं नव्हतं का? ते म्हणाले, “‘हो’ योगायोगानं बी येतं. थांब म्हटल्यावर जे थांबतंय, ते माणूस जागं असतंय.”

पण आम्ही लगेच बाहेर आलो नाही. त्यांनी कोपऱ्यातली बाईंचीच पाटी घेतली आणि तिच्यावर अक्षरं मांडली. क-ख-ग-घ एका ओळीत, च-छ-ज-झ दुसऱ्या, असं करत खाली शेवटच्या ओळीत काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार. आधी ओळ विचारायची, बाईंनी डोळे वर केले की त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणायची. पहिलं अक्षर ठरायला पाच मिनिटं लागली. प.

“पाणी!” मालक ओरडले आणि माठाकडं धावले.

“गलत!” मास्तर स्टुलावरून उठले होते. एवढा चढलेला आवाज मी त्यांचा पहिल्यांदाच ऐकला. “कुणी पुढचं बोलायचं न्हाई. पाच महिने तुमीच बोलायलात. आता तिचा शब्द तिला पुरा करू द्या.”

मालक तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. पुढं अनुस्वार आला, मग ख, मग काना. पंखा. मग ब, अनुस्वार, द.

तो पंखा पाच महिने, वीज असेल तेव्हा सगळा वेळ, बाईंच्या तोंडावर वारा मारत होता. त्यांच्या पापण्या पुरत्या मिटत नव्हत्या. डोळे कोरडे पडून जळत होते, आणि ती माउली पाच महिने ते सोसत पडून होती. मालकांनी खटका बंद केला आणि खाली बसकण मारली. “पाच महिने वं!” ते एवढंच म्हणत राहिले. “पाच महिने!”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अडवलेला फॉर्म वाचून दाखवला आणि विचारलं. उत्तर यायला पाऊण तास लागला: लग्न नको.

रविवारी बाईंचे थोरले दीर आले. उंच, करड्या मिशांचे, सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. जळत्या घरातून सगळ्यांना बाहेर काढलेला तो माणूस होता. ते ओट्यावर बसले आणि सरळ मास्तरांना म्हणाले, “तुमचे लय उपकार हायत. पण खरं सांगू का मास्तर, हे तुमच्या मनातलं बोलायलंय. अक्षर तुमी म्हणता, थांबता तुमी, जुळविता तुमी. माझी भावजय लाकूड झालीय. आन् पोरीला परभणीला एकटी ठिवायचं म्हणता? दिवस कसले हायत? सारखी दगडफेक, सारखा बंद. म्या घर जळताना बघितलंय.”

मला वाटलं आता मास्तर भडकणार. ते म्हणाले, “दुरुस्त बोललात. तपासून घ्या.”

“कसं?”

“मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. अक्का बी येतील. तुमचा भाऊ बी येईल. आत फक्त तुमी आन् बाई. तिच्या कानात असं विचारा, जे मला मालूम न्हाई, भावाला मालूम न्हाई. मग मला बोलवा.”

आम्ही तिघं बाहेर उन्हात जाऊन उभे राहिलो. वस्तीतल्या बायका दारादारात आल्या होत्या. दादांनी हाक मारली. मास्तर आत गेले, पाटी घेतली, मी वही घेतली. भ. उकार. र. क. उकार.

मास्तर थांबले. त्यांनी कपाळ पुसलं. “भुरकु. असा शब्द न्हाई. माझी चूक. बाई, पुन्हा.”

पुन्हा सगळं झालं. पुन्हा तेच आलं, फक्त शेवटचा उकार या वेळी दीर्घ. मास्तर पाटी खाली ठेवून दादांकडं वळले. “माफ करा. मला शब्द लागंना. भुरकू म्हणजे काय ते...”

दादा बाजेच्या पायाशी बसले होते. एवढा मोठा माणूस, पण डोक्यावरचं मुंडासं काढून त्यानं मांडीवर ठेवलं होतं. “लहानपणी मी आमटी भुरके मारून प्यायचो,” ते म्हणाले. “आई मला भुरकू म्हणायची. मी मोठा झालो आन् तिनं ते सोडून दिलं. मरायच्या दिवशी मला वळखलं, आन् त्याच नावानं हाक मारली. तवा खोलीत आमी तिघंच. आई, मी आन् ही. तेच नाव इचारलं मी.” मग ते बाईंच्या जवळ सरकले आणि त्यांच्या पायांवर हात ठेवून म्हणाले, “चुकलं माझं. लाकूड म्हणालो तुला. बोल, पोरीचं काय करू?”

बाईंनी त्या दिवशी दोन तास घेतले. चेहरा घामानं भिजला, मध्ये मालकांनी पाणी पाजलं, पण त्या थांबल्या नाहीत. मी वहीत लिहिलेलं अजून माझ्याकडं आहे: ‘पोरगी शिकणार. भ्यायचं नाही. लग्न मागाहून. जावई मी बघणार.’

“तू बघणार?” दादा रडता रडता हसले. “बघ बाई. तूच बघ.”

सोमवारी मास्तरांनी जुना फॉर्म मालकांच्या हातून रद्द करून घेतला आणि बाईंना नवी तार विचारली. बाईंनी सांगितलेली तार चार शब्दांची होती: ‘शिक. मी आहे. आई.’

मास्तरांनी ती देवनागरीत पाठवली. देवनागरी तारेचं प्रशिक्षण त्यांनी कधी काळी हौसेनं घेतलं होतं, पण पालमहून तशी तार पाठवायला कुणी येतच नसे. परभणीच्या माणसाचाही सराव सुटलेला. त्यानं दोनदा परत विचारलं. तिसऱ्यांदा मास्तरांनी इतकं सावकाश वाजवलं की मला सुद्धा प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू आलं.

त्यानंतर ते रोज सहाला स्टूल घेऊन जायचे. सगळं गोड चाललं होतं असं मात्र नाही. मास्तर बाईंचं बोलणं इतरांना सांगायचे ते तारेच्या भाषेत. एकदा शाळेतल्या दुसऱ्या बाई, कुसुमबाई, भेटायला आल्या. बाईंनी तासभर डोळे वरखाली केले. मास्तरांनी सांगितलं, “आठवण येते. पुस्तकं पाठवा.” कुसुमबाई गेल्यावर बाईंनी पाटीकडं पाहिलं. मास्तर अक्षरं म्हणायला लागले आणि वाक्य तयार झालं: ‘मी तार नाही.’

मास्तर पुढची अक्षरं म्हणत गेले.

‘मी म्हटलं होतं, कुसुम तुझी लय आठवण येते गं. तुम्ही सगळं कापलं.’

“मतलब तोच होता,” मास्तर म्हणाले.

‘नाही.’

मास्तर स्टूल उचलून निघून गेले. दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात म्हणाले, “अक्का, तीस वर्षं मी लोकांचे शब्द कापले. कुणी बोललं न्हाई.” संध्याकाळी ते परत गेले. तेव्हापासून बाई जे म्हणतील ते सगळं, ‘गं’ आणि ‘बरं का’सकट, ते जसंच्या तसं सांगू लागले. त्यांच्या त्या कोरड्या आवाजात “अगं माझ्या सोन्या” ऐकताना सुरुवातीला लोकांना हसू आवरत नसे. मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

स्टँडजवळ एका तरुण डॉक्टरांनी दवाखाना टाकला होता. बाईंच्या छातीत कफ झाला तेव्हा ते हृदयाचा आलेख काढायचं यंत्र घेऊन घरी आले. कागदाची पट्टी सरकताना मास्तर लहान मुलासारखे बघत होते. काम झालं तसे म्हणाले, “डॉक्टर, आता हे कपाळाला लावा.”

“मास्तर, हे हृदयाचं यंत्र आहे.”

“यंत्राला ते मालूम हाय का?”

डॉक्टर हसले, पण भला माणूस होता. त्यांनी दोन पट्ट्या डोळ्यांच्या वर-खाली लावल्या. “बाई, वर बघा,” मास्तर म्हणाले. सुई उडाली. “थांबा.” सुई सरळ. “वर.” पुन्हा उडाली. मास्तरांनी ती कागदाची पट्टी जपून गुंडाळली.

“उगाच भलतं समजू नका,” डॉक्टर म्हणाले. “ही मेंदूची वीज नाही. डोळा हलला त्याची आहे.”

“डोळ्याला हुकूम कुणाचा?”

“मेंदूचा.”

“मग बाईचं बिघडलंय काय? मधली लाइन तुटलीय. दोन्ही ठेसनं चालू हायत. आज आपण खालच्या ठेसनावर बसून बातमी घेतली. उद्या कुणीतरी थेट वरच्या ठेसनात जाऊन बसंल. तुमी बघाल, डॉक्टर. मी न्हाई बघणार.”

मागच्या वर्षी नातीनं मला फोनवर एक बातमी दाखवली. परदेशातली एक बाई, अंग लुळं, वाचा गेलेली. डोक्यात बारीक तारा बसवल्यात, ती मनात शब्द म्हणते आणि समोरचं यंत्र बोलतं. नात म्हणाली, “आजी, विश्वास बसतो का?” मी म्हटलं, बसतो की. हे आम्ही पालमला फार पूर्वी ऐकलंय. मास्तर असते तर त्यांनी एकच चौकशी केली असती: यंत्र तिचा शब्द तिला पुरा करू देतं ना?

आईच्या त्या तारेनंतर वर्षभरानं सुजाता सुट्टीत आली होती. आईची नखं काढताना तिला डाव्या करंगळीची हालचाल जाणवली. तांदळाच्या दाण्याएवढी. मास्तरांनी शिकाऊ असतानाचा आपला तारेचा खटका काढला. त्याची जाड स्प्रिंग काढून घड्याळजीकडून केसासारखी एक आणून बसवली, टॉर्चचे सेल जोडले, एक बझर लावला, आणि खटका करंगळीखाली ठेवला. आठ महिन्यांत बाई तारेची सगळी अक्षरं शिकल्या. पाटी सुटली. आता मास्तर स्टुलावर डोळे मिटून बसत आणि बाई कड-कट्ट करत बोलत. पहिल्या आठवड्यातच ते मला म्हणाले, “अक्का, बाईचा हात लय साफ हाय. पूर्णेवाल्यापेक्षा.”

मग बाईंनी शिकवणीच सुरू केली. वस्तीतली मुलं बाजेभोवती बसत, गणितं मोठ्यानं सोडवत, आणि चूक झाली की बझर वाजायचा. जावईही त्यांनीच पाहिला. मुलगा परभणीला सुजाताच्या कॉलेजातच नोकरीला होता. बाजेसमोर ताठ बसला. बझर बराच वेळ वाजला आणि मास्तरांनी सांगितलं, “बाई विचारतात, तुमची आई आजारी पडली तर भाकरी कोण करतं?” मुलगा म्हणाला, “मीच करतो. जरा जाड होतात.” बाईंची करंगळी लगेच हलली. “पसंत,” मास्तर म्हणाले. “एवढंच म्हणाल्या. मी काही कापलं न्हाई.”

मास्तर निवृत्त होऊन पोखर्णीला आपल्या गावी गेले. दर गुरुवारी एस्टीनं येत, गंगाखेडला गाडी बदलून. साठीनंतर त्यांचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग बझरही ऐकू येईना. मला वाटलं आता हे संपलं. सुजाताच्या वडिलांना तोवर बझर कळायला लागला होता, त्यामुळं बाईंचं अडलं नसतं. पण मास्तरांनी बाजेजवळ बसून खटका बाजूला सारला आणि आपलं बोट बाईंच्या करंगळीखाली ठेवलं. बाईंनी हलवलं. मास्तरांनी मान डोलावली. मध्ये ना तार, ना सेल. दोघं तासभर तसेच बोलत बसले, आणि खोलीत आवाज कसलाच नव्हता.

नामांतराची बातमी रेडिओवर आली त्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी दुपारच्या एस्टीनं मास्तर उतरले. वस्तीत ढोल, हलगी, गुलाल. विहारातून मिरवणूक निघाली आणि बाईंच्या दारापाशी येऊन थांबली. पुढं असलेली पोरं सगळी बाईंनी शिकवलेली. त्यांनी बाज उचलून ओट्यावर आणली आणि म्हणाली, “बाई, दोन शब्द बोला.” हलगी थांबली. मास्तर स्टूल ओढून बसले, बाईंच्या करंगळीखाली बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

शे-दीडशे माणसं ओट्याजवळ सरकली. बहिरा माणूस बोलतो तसे मास्तर फार मोठ्यानं बोलू लागले, एकेक शब्द जसा येईल तसा.

“माझ्या लेकरांनो. लय आनंद झाला. ज्यांची घरं जळाली. जे आज हे बघायला न्हाईत. त्यांना आठवा.”

दादा गर्दीत होते. त्यांनी तोंडावर पदर घेतल्यासारखा रुमाल धरला. मास्तर थांबले. सगळ्यांना वाटलं, झालं. एकानं घोषणेसाठी हातही वर केला. मास्तरांनी डोळे न उघडता दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं. करंगळी अजून हलत होती.

“उद्या शाळा आहे,” मास्तर म्हणाले. “लेकरं वेळेवर पाठवा.”

सगळी वस्ती हसली, रडली, पुन्हा हसली. हलगी परत सुरू झाली. मास्तरांना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. ते बोट तिथंच ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जाताना मी शाळेवरून गेले. घंटा व्हायला अजून वेळ होता. वस्तीतली सगळी मुलं, कानामागं गुलाल तसाच राहिलेली, पटांगणात रांगेनं उभी होती.